फ्रिजवरचे दोन कागद

रमजानचा चाँद दिसायच्या आधीच पुण्यातल्या मुस्लिम घरांत एक छोटं कार्ड येतं. मशिदीतून, किराणा दुकानातून, कधी एखाद्या कापड दुकानाच्या जाहिरातीसोबत. त्यावर महिनाभराच्या सहेरीच्या आणि इफ्तारच्या वेळा छापलेल्या असतात. हे कार्ड फ्रिजवर चिकटवलं जातं आणि पुढचा महिना घरातलं उठणं, रांधणं, जेवणं, झोपणं सगळं त्याच्या हिशेबानं चालतं.

काही घरांत मात्र त्या कार्डाशेजारी आणखी एक कागद असतो. वहीचं पान, पट्टीनं रेघा मारलेल्या, चार रकाने: सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सात, रात्री साडेनऊ. प्रत्येक रकान्यात औषधांची नावं. रमजानच्या कार्डावरच्या वेळा रोज थोड्या थोड्या सरकतात. या कागदावरच्या वेळा सरकत नाहीत, आणि कुणी त्या सरकवायच्याही नसतात.

ज्या घरात मुलाला एकाच वेळी शरीराचे आणि मनाचे असे दोन्ही आजार आहेत, त्या घराचा हा कागद. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडलेला असतो, मूल फार लवकर जन्मलेलं असतं किंवा लहानपणी मेंदूज्वर होऊन गेलेला असतो. मग हातापायांचा ताठरपणा, फिट्स, बौद्धिक अक्षमता आणि वागण्यातल्या अडचणी अशा एकामागून एक समोर येतात. पुण्यात अशी घरं कोंढव्यात आहेत तशी कोथरूडमध्येही आहेत. त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या गोष्टी एकत्र मांडल्या, तर जे एक घर उभं राहतं, ते साधारण असं दिसेल.

मुलगा बारा वर्षांचा. मोजके शब्द बोलतो, पण घरातलं बरंचसं त्याला कळतं. औषधं पाच. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटॅम, दिवसातून दोनदा. रात्री क्लोबाझाम, तेही फिट्ससाठीच. हातपाय सैल राहावेत म्हणून बॅक्लोफेन, तीन वेळा. स्वतःला मारून घेणं आणि चावणं आवरावं म्हणून रात्री थोडं रिस्पेरिडोन. पाच औषधं, दिवसाचे नऊ डोस. महिन्याला दोनशे सत्तर. यातला एकही स्वतः मुलगा लक्षात ठेवू शकत नाही. ते काम आईचं. ती घरी नसेल तर वडिलांचं, नाहीतर दादीचं.

एरवी हा क्रम अंगवळणी पडलेला असतो. रमजानमध्ये तो नेमका घराच्या नव्या वेळापत्रकाला आडवा येतो. सहेरी पहाटे साडेपाचच्या आसपास संपते. फजरची नमाज झाली की घर पुन्हा झोपतं, आणि सातची गोळी त्या झोपेत सापडते. दुपारी दोनला स्वयंपाकघर थंड असतं, पण मुलासाठी वरणभात करावाच लागतो, कारण उपाशी पोटी गोळ्या दिल्या तर त्याला मळमळतं. इफ्तार पावणेसातच्या सुमारास. खजूर, पाणी, फळं आणि लगेच मगरिबची नमाज, म्हणजे संध्याकाळचे सात याच धांदलीत वाजतात. रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा पुरुष मंडळी तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या विशेष नमाजला गेलेली असतात आणि आईही जानमाज अंथरून उभी असते. चारही वेळा अशा अडचणीच्या.

थोडं इकडं तिकडं झालं तर काय बिघडतं, असं पाहुण्यांना वाटतं. बिघडतं ते असं. फिट्सचं औषध रक्तात ठरावीक प्रमाणात राहावं लागतं. प्रत्येक डोसनंतर ते प्रमाण वाढतं आणि मग तासागणिक उतरत जातं. ते फार खाली जाण्याआधी पुढचा डोस पोटात जावा, अशा हिशेबानं डॉक्टरांनी वेळा बांधलेल्या असतात. दोन डोसांमधलं अंतर वाढलं की मेंदूवरचं कुंपण तेवढा वेळ विरळ होतं. त्यात झोप मोडलेली असेल तर धोका आणखी वाढतो, कारण अपुरी झोप हे फिट येण्याचं ठाऊक असलेलं कारण आहे. रमजानमध्ये हे दोन्ही एकाच रात्री घडू शकतं.

या घरात गेल्या वर्षी तेच घडलं. सत्ताविसावी रात्र, बहुतेक लोक जिला शबे-कद्र मानून जागतात ती. घरात पाहुणे होते. साडेनऊची गोळी आईला वाटलं दादीनं दिली, दादीला वाटलं आईनं दिली. मुलगा बारापर्यंत जागा होता आणि सहेरीच्या भांड्यांच्या आवाजानं पुन्हा उठला. सकाळी त्याला फिट आली आणि ती लवकर थांबेना. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर थांबली. पाहुण्यांपैकी कुणी चप्पल हुंगवायला आणली होती, कुणी कांदा फोडला होता, कुणी दातांमध्ये चमचा घालायला निघालं होतं.

त्या दिवसानंतर कागदावर पाचवा रकाना आला. गोळी ज्यानं दिली त्यानं लगेच तिथं खूण करायची. खूण नसेल तर कुणाला विचारत बसायचं नाही, आधी डबी उघडून बघायची. सात दिवसांच्या खणांची प्लास्टिकची डबी वडील दर रविवारी भरतात. खण रिकामा असेल तर गोळी दिलेली आहे, भरलेला असेल तर राहिली आहे. भांडण नाही आणि दुसऱ्यांदा डोस जाण्याची भीतीही नाही. एखादा डोस राहून गेला तर काय करायचं, उलटी झाली तर पुन्हा द्यायचा का, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं आहे. राहिलेला डोस पुढच्या डोससोबत दुप्पट करून द्यायचा नाही, हे त्यात पहिलं.

औषध देण्याच्या रीतीतही बारकावे आहेत. गोळी गिळत नाही म्हणून ती कुटून खजुरात किंवा खिरीत मिसळायची, ही घरगुती युक्ती. पण व्हॅल्प्रोएटच्या काही गोळ्या औषध हळूहळू सोडतील अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभरासाठी असलेलं औषध एकदम सुटतं. अशा वेळी त्याच औषधाचं सिरप मागून घ्यावं. सिरपही स्वयंपाकघरातल्या चमच्यानं मोजू नये, कारण प्रत्येक घरचा चमचा वेगळा. बाटलीसोबत मिळणारी सिरिंज किंवा माप त्यासाठीच असतं.

शरीराचा आणि मनाचा आजार एकत्र असला की आणखी एक अवघड प्रश्न उभा राहतो. मुलाचं वागणं बदललं तर ते आजारामुळं, औषधामुळं की आणखी कशामुळं? लेव्हेटिरासिटॅम हे फिट्सवरचं चांगलं औषध, पण काही मुलांमध्ये त्यानं चिडचिड आणि आक्रमकपणा वाढतो. घरच्यांना वाटतं मूल हट्टी झालं, नातेवाइकांना वाटतं कुणाची नजर लागली. मग त्या रागावर दुसरं औषध सुरू होतं. रिस्पेरिडोननं राग कमी होतो, पण भूक आणि वजन वाढू शकतं, दिवसा पेंग येऊ शकते. क्लोबाझामनंही सुस्ती येते, लाळ गळू शकते. आणि ज्या मुलाला बोलता येत नाही, ते दाढ दुखली किंवा चार दिवस पोट साफ झालं नाही तरीही डोकं आपटूनच सांगतं.

म्हणून या घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे शंभर पानी वही. फिट कधी आली, किती मिनिटं होती, आधी झोप किती झाली होती, कोणतं औषध कधी सुरू झालं, किती वाढलं, त्यानंतर वागण्यात काय फरक पडला. मेंदूविकारतज्ज्ञ वेगळे, मनोविकारतज्ज्ञ वेगळे, सर्दी-तापासाठी गल्लीतले डॉक्टर वेगळे. या तिघांना जोडणारा दुवा ही वही. घशाच्या संसर्गासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं आणि मूल फिट्ससाठी कार्बामॅझेपिन घेत असेल, तर रक्तातलं कार्बामॅझेपिन वाढून मूल झोकांड्या खाऊ लागतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी वही पाहिली, तर ते दुसरं अँटिबायोटिक निवडू शकतात.

यंदा या घरात वेगळाच प्रश्न आला. मुलाची धाकटी बहीण नऊ वर्षांची. तिची रोजाकुशाई ठरली, म्हणजे आयुष्यातला पहिला रोजा. नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, नातेवाईक, भेटवस्तू. तयारी पाहून मुलगा छातीवर हात ठेवून म्हणू लागला, “मी. मी पण.” दादीचा जीव कळवळला. “एक दिन का तो है, रखने दो बच्चे को,” ती म्हणाली. आईला सत्ताविसावी रात्र आठवली.

धर्म इथं आईच्या बाजूनं उभा आहे. कुरआनात सूरह अल-बकरामध्ये जिथं रोज्यांचा आदेश आहे, तिथंच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. त्यांनी ते रोजे नंतर करावेत, आणि ज्यांना रोजा झेपतच नाही त्यांच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याची वाट आहे, तिला फिद्या म्हणतात. अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, हा आशयही तिथंच येतो. लहान मुलावर तर रोजा फर्जच नाही. बुद्धीची वाढ इतकी कमी आहे की बरंवाईट कळत नाही, अशी व्यक्ती वयानं मोठी झाली तरी धार्मिक कर्तव्यांच्या हिशेबातून ती वगळलेली आहे, असं हदीसमध्ये येतं. अशा मुलासाठी फिद्या देण्याचीही गरज नाही, असं आलिम सांगतात. ज्या मुलाला किंवा मुलीला फिट्स येतात पण समज पूर्ण आहे, त्यांची गोष्ट वेगळी. ती आजारी माणसाच्या सवलतीत येतात. वयात आल्यावर रोजा ठेवायचा का, हे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, मग आलिमांना.

घरानं मधला मार्ग काढला. लहान मुलं हौसेनं अर्ध्या दिवसाचा ‘चिडी रोजा’ धरतात, चिमणीएवढा. मुलाचं दुपारचं जेवण आणि दोनची गोळी झाली की त्याचा रोजा सुरू. मध्ये पाणी मागितलं तर पाणी द्यायचं. पावणेसातला बहिणीशेजारी दस्तरखानावर बसवायचं, हार दोघांना घालायचे, खजूर दोघांच्या हातात द्यायची. आणि सात वाजता, बाकीचे मगरिबला उभे राहतील तेव्हा, वडिलांनी आधी मुलाला औषध द्यायचं, मग नमाजला जायचं. पहाटे त्याला उठवायचं नाही. त्याच्या खोलीचं दार लोटून सहेरीची भांडी हळू वाजवायची. सातचा गजर वडिलांच्या फोनवर, कारण त्या वेळी आईला झोप लागलेली असते आणि ती तिला मिळायला हवी.

डोसांच्या वेळा रमजानपुरत्या पुढेमागे करता येतात का? मोठी, समजती माणसं रोजा ठेवू इच्छितात तेव्हा काही औषधांच्या बाबतीत डॉक्टर तशी व्यवस्था लावून देतात. ते डॉक्टरांनी, रमजानच्या पुरेसं आधी आणि त्या रुग्णाकडं पाहून ठरवायचं असतं. घरी कार्ड बघून ठरवायचं नसतं. आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे औषध एकदम बंद करणं. या पवित्र महिन्यात दुआ कबूल होतात, आता पोराला गोळ्यांची गरज नाही, असं प्रेमानं सांगणारं कुणीतरी प्रत्येक कुटुंबात असतं. व्हॅल्प्रोएट किंवा क्लोबाझाम अचानक थांबवलं तर एकामागून एक फिट्स येऊन जीवावर बेतू शकतं. बॅक्लोफेन एकाएकी सोडणंही घातक आहे. दोन महिने फिट आली नाही, याचा अर्थ औषध काम करतंय.

दुआ आणि दवा यांच्यात इस्लामनं भांडण लावलेलं नाही. आजारावर उपचार करून घ्या, अशीच पैगंबरांची शिकवण आहे. बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले अल-राझी यांनी हजारेक वर्षांपूर्वी मुलांच्या आजारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कैरोत १२८४ साली सुलतान कलावूननं उभारलेल्या बिमारिस्तानात, म्हणजे रुग्णालयात, मनोरुग्णांवरही उपचार होत आणि त्याचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. मिरगीच्या रुग्णाला झाडफुंकीकडं नेणाऱ्यांना ही आपलीच परंपरा सांगायला हवी.

पुण्यातही मदतीच्या जागा आहेत. बगदादमध्ये जन्मलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं ससून रुग्णालय १८६७ पासून सर्व धर्मांच्या गरिबांचा आधार आहे. अपंगत्वाचा दाखलाही तिथं मिळतो. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात मुलांच्या विकासातल्या अडचणींसाठी वेगळं केंद्र आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कामायनी ही शाळा १९६४ पासून चालते. अपस्मार असलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणणारा संवेदना हा स्वमदत गट यशोदा वाकणकर यांनी २००४ मध्ये सुरू केला. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. तिचं संरक्षण वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत असतं. पुण्यातली अनेक कुटुंबं केवळ माहिती नाही म्हणून तिच्याबाहेर राहतात. जनऔषधी दुकानांत यातली काही औषधं स्वस्त मिळतात. फक्त फिट्सच्या औषधाची कंपनी बदलणार असेल, तर आधी डॉक्टरांच्या कानावर घालावं.

जकात देणाऱ्यांनीही याचा विचार करावा. गरीब घरातल्या अशा मुलाचा वर्षभराचा औषधखर्च ही जकातीची अगदी योग्य जागा आहे. रमजानमध्ये रेशनचे किट अनेक जण वाटतात. फिट्सची गोळी मात्र ईदनंतरच्या अकरा महिन्यांतही लागते.

शेजाऱ्यांना पैसे खर्चावे लागत नाहीत. या घरासमोर राहणाऱ्या काकू फिट आल्यावर काय करायचं ते शिकून घेतलेल्या आहेत. मुलाला कुशीवर वळवायचं. मानेजवळचं बटण सोडायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं. घड्याळ बघायचं. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, हातात किल्ली नाही, नाकाशी कांदा किंवा चप्पल नाही. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिलेला असेल, तर तो कुठं ठेवलाय हे काकूंना माहीत आहे. काकूंच्या पुतण्यालाही लहानपणी फिट्स यायच्या. गणपती विसर्जनाच्या रात्री ढोलताशांत जागरण करून तो दुसऱ्या दिवशी कोसळला होता. एकादशी, नवरात्र किंवा रमजान, झोपेचा आणि गोळीचा नियम सगळीकडं सारखाच, असं त्या सांगतात.

राहता राहिली आई. तिचा रोजा असतो, पण तरावीह बऱ्याचदा अर्धवट राहते. कुरआनचं वाचन शेजारणींच्या मागं पडतं. शेवटच्या दहा रात्री जागायची तिची इच्छा असते आणि साडेनऊची गोळी देता देता मुलाशेजारीच तिचा डोळा लागतो. आपला रमजान वाया चालला, असं तिला वाटत राहतं. तिच्यासाठी हदीसमधली एक गोष्ट आहे. पैगंबर लांब नमाज पढवण्याच्या इराद्यानं उभे राहत, पण मागं एखादं मूल रडायचा आवाज आला की आईच्या जिवाची घालमेल ओळखून नमाज आटोपती घेत. मुलाच्या रडण्यासाठी जिथं जमातीची नमाज छोटी होते, तिथं मुलाच्या औषधासाठी तिची तरावीह थांबली तर ती कमी कशानं होईल? तरावीह सुन्नत आहे, मुलाचा जीव ही अमानत आहे.

आणि एवढं समजूनही मन थकलं, रडू आवरेनासं झालं, तर तेही दडवायचं कारण नाही. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. त्याहून जवळचं म्हणजे नणंदेनं किंवा जावेनं कागदावरच्या पद्धतीनं औषध द्यायला शिकणं, म्हणजे आईला आठवड्यातून दोन रात्री तरी पूर्ण नमाज किंवा पूर्ण झोप मिळेल.

रोजाकुशाईचा दिवस नीट पार पडला. दोघांना हार घातले. मुलानं खजूर अर्धी खाल्ली, अर्धी बहिणीच्या तोंडात कोंबली. सात वाजता वडिलांनी सिरिंज भरली, औषध दिलं, पाचव्या रकान्यात खूण केली आणि मग ते मशिदीकडं निघाले. जमात थोडी चुकली.

आता ईदची तयारी सुरू आहे. शेवया आणल्या, कपडे शिवून आले. आईच्या यादीत सगळ्यात वर मात्र एकच ओळ आहे: ईदच्या सुट्टीआधी महिनाभराच्या गोळ्या, सोबत डॉक्टरांची ताजी चिठ्ठी. ईदच्या दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचं रमजानचं कार्ड निघेल. शेजारचा कागद तिथंच राहील.